कलाभवनास खुले पत्र : कच्छची माती बडोद्याच्या तळघरांपर्यंत आणा

प्रति,
तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेतील, म्हणजे आपल्या कलाभवनातील, सर्व अध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी,
महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे

सप्रेम नमस्कार.

कच्छच्या बेंटोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या मातीपासून इमारतींच्या जमिनीखालच्या भागासाठी पाणी अडवणारे भरण तयार करण्याचे काम तुम्ही हाती घ्यावे, ते आपल्या हवेत आणि आपल्याच बोअरच्या पाण्यात तपासावे आणि जे निष्पन्न होईल ते सगळ्यांसाठी खुले ठेवावे, ही मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मी तुमचीच माजी विद्यार्थिनी. सिव्हिलची पदवी घेतली आणि तेव्हापासून गळती, ओल आणि पाझर यांचीच कामे करत आले. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथले जुने वाडे पाहिले आणि अलकापुरीपासून वाघोडिया रोडपर्यंतच्या नव्या इमारतींची सेलर, म्हणजे तळघरे, तीही पाहिली. पत्र खुले ठेवले, कारण हा प्रश्न माझ्या आणि तुमच्यापुरता नाही. ज्यांच्या घरात, दुकानात, पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी झिरपते त्यांनीही हे वाचावे आणि तुमच्याकडे विचारणा करावी असे मला वाटते.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. या दोन्ही वेळी रॅम्पवरून सेलरमध्ये घुसलेले पाणी सगळ्यांनी पाहिले, त्याचे फोटो आले, पंपही लागले. ते पाणी कुठलीही माती किंवा केमिकल अडवू शकत नाही. त्यासाठी नदीचे पात्र, पावसाच्या पाण्याचे नाले आणि रॅम्पची उंची यांचाच विचार करावा लागेल. मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या पाण्याबद्दल. पूर ओसरतो, रस्ते धुतले जातात, पण भोवतालची जमीन भिजलेलीच राहते. पुढचे कित्येक आठवडे ते पाणी राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग पाया) आणि रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) यांच्या सांध्यातून, पाइपच्या स्लीव्हभोवतीच्या फटीतून, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, टाय रॉडची जी भोके नीट बुजवलेली नसतात त्यांतून आणि हनीकोम झालेल्या, म्हणजे आत पोकळ्या राहिलेल्या, काँक्रीटमधून हळूहळू आत येत राहते. सळई गंजते. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते. मीटर रूममध्ये ओल येते. पूर न आलेल्या वर्षीही हे घडते, फक्त तेव्हा त्याची बातमी होत नाही.

यावर आपल्याकडे काय केले जाते? भिंतीच्या आतल्या बाजूने प्लास्टर फोडायचे, त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात मारायचे, पुन्हा प्लास्टर करायचे आणि रंग लावायचा. पाणी बाहेरून ढकलते आहे आणि आपण लेप आतून लावतो आहोत. त्यामुळे पाण्याचा दाब त्या लेपाला भिंतीपासून सोडवण्याच्याच कामी येतो. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात, मग पुन्हा वर्गणी, पुन्हा ठेकेदार. बाहेरून खोदायचे तर शेजारचा प्लॉट, रस्ता, गॅसची लाइन आणि ड्रेनेज आड येतात. सांध्यांतून पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी इंजेक्ट करता येते, ते चालतेही, पण मध्यमवर्गीय सोसायटीला त्याचा खर्च झेपत नाही. या परिस्थितीत भिंतीच्या मागे, मातीच्या बाजूला जाऊन बसणारे, स्वतः फुगून फट बुजवणारे आणि स्वस्त असे काही हवे. तो पदार्थ आपल्याच राज्यात जमिनीतून निघतो.

बेंटोनाइट बडोद्याच्या बांधकामांना नवे नाही. पायलिंगच्या वेळी खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून जो राखाडी-पिवळट घट्ट गाळ भरतात तो हाच. इलेक्ट्रिशियन अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकवण्यासाठी जी पावडर टाकतात तीही हीच. आपला कडिया, म्हणजे गवंडी, तिला नावाने ओळखतो. तिचे मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या जमिनीतही हेच खनिज असते. त्याच्याचमुळे काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हलक्या पायाच्या घरांच्या भिंती फोडते. आयुष्यभर ज्या गुणाशी आपण इंजिनिअर भांडतो, तोच गुण योग्य ठिकाणी बांधून ठेवला तर पाणी अडवतो.

खनिजाची रचना वहीच्या पानांसारखी आहे. एकेक पान साधारण एक नॅनोमीटर जाड. दोन पानांच्या मध्ये धनभारित आयन बसलेले असतात. हे आयन सोडियमचे असले की पाणी आत शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि कोरडी पावडर आपल्या आकारमानाच्या दहा-पंधरा पट फुगते. आयन कॅल्शियमचे असले तर पाने फार दूर जात नाहीत आणि फुगवटा कितीतरी कमी राहतो. परीक्षा सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम पावडर थोडी थोडी सोडायची आणि २४ तास थांबायचे. चांगली सोडियम जात २४ मिलिलिटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापते. अशी माती दाबून ठेवलेली असेल आणि फुगायला मोकळी जागाच नसेल, तर तिच्यातून पाणी जाण्याचा वेग सेकंदाला ५ × १०⁻¹¹ मीटरच्या आसपास येतो. मध्यम वाळूतून पाणी जितक्या वेगाने जाते त्याच्या दहा लाखांव्या भागापेक्षाही तो कमी आहे. दोन जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे जमिनीत घालायच्या कापडांच्या, मध्ये बेंटोनाइट सँडविच करून केलेले मातीचे पडदे जगभर कचरा डेपोंच्या तळाशी अंथरतात ते याच कारणाने. रबरात बेंटोनाइट मळून केलेल्या पट्ट्या काँक्रीटच्या सांध्यात घालतात, त्याचेही कारण हेच.

हे सगळे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्यापैकी काहींनी मलाच शिकवले आहे. तरी लिहिले, कारण पुढच्या तीन गोष्टी बाजारात कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, ही माती कोंडलेली हवी. तिच्यावर माती, काँक्रीट किंवा दोन्हींचा दाब हवा. मोकळी राहिली तर ती फुगून चिखल होते आणि वाहून जाते. म्हणून सांध्यातल्या पट्टीवर काँक्रीटचे पुरेसे आवरण, साधारण ७५ मिलिमीटर, लागते. ते कमी पडले तर फुगणारी पट्टी काँक्रीटची कडाच फोडते. आणि काँक्रीट ओतण्याआधी पाऊस पडून पट्टी भिजली तर तिची फुगण्याची ताकद आधीच खर्च होते. आपल्याकडे राफ्टची कामे उन्हाळ्यात सुरू होतात आणि भिंती वर यायला लागतात तेव्हा जून उजाडलेला असतो. म्हणजे पट्टी टाकण्याची वेळ आणि पहिला वळीव हमखास एकत्र येतात. पट्टी भिजलेली दिसली तर काढून नवी टाकावी लागते. साइटवर हे सांगणारे कुणी नसते.

दुसरी, ती ओली राहायला हवी. सुकली की आकसते आणि तडकते. पुन्हा भिजली की तडे बुजतात, हे खरे. पण किती वेळा बुजतात? याचे उत्तर तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे आणि माझ्या मते तुमच्या संशोधनाचा गाभा इथेच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. बडोद्यात बोअरचे पाणी जड असते, घरोघरी गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर त्याचीच खूण आहे. सिमेंटमधून आणि चुन्यातून निघणारे पाणीही कॅल्शियमने भरलेले असते. हा कॅल्शियम हळूहळू पानांमधल्या सोडियमची जागा घेतो. आयन बदलतात तशी मातीची जात बदलते, जी सोडियम बेंटोनाइट म्हणून भिंतीला लावली होती ती काही काळाने कॅल्शियम बेंटोनाइट होऊन बसते. सतत ओली असेल तर त्या अवस्थेतही बरेच काम करते. पण मध्ये एकदा पूर्ण सुकली तर पडलेले तडे नंतर नीट बुजत नाहीत. सुकणे आणि कॅल्शियम या दोहोंची जोडी मारक ठरते. कचरा डेपोंच्या पडद्यांवर परदेशात हे अभ्यासले गेले आहे. तिथली थंड, वर्षभर ओलसर जमीन निराळी. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर. भिंतीमागची माती जमिनीखाली किती खोलवर सुकते, किती फुटांखाली ती बारा महिने ओलसर राहते, हे बडोद्यात मोजल्याशिवाय कुठलाही पडदा इथे टिकेल असे सांगता येणार नाही. त्या एका मोजणीवर सगळे ठरणार आहे. पडदा कुठपर्यंत चालेल आणि कुठून पुढे दुसरे काही लावावे लागेल, याची सीमारेषा त्यातूनच निघेल.

म्हणूनच अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, मातीचा लेप विकणाऱ्यांबद्दल मला चीड आहे. एका जुन्या सोसायटीच्या अगाशीवर एका ठेकेदाराने ‘नैसर्गिक मातीचे वॉटरप्रूफिंग’ म्हणून एक-दोन मिलिमीटरचा लेप दिला होता. मी पाहिले तेव्हा तो जाळीदार तडकला होता आणि कोपऱ्यांतून उचलला गेला होता. लोकांनी पैसे भरले होते, त्यात पेन्शनवर जगणारेही होते. वर दाब नाही, रोजचे ऊन, आठ महिने कोरडे. मातीला फसवायचेच असेल तर यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही. लोक मग म्हणतात, मातीचे काही चालत नाही, आणि जिथे ती खरोखर चालेल तिथेही नाकारतात.

इथे कुणी विचारेल की मग सोलापूर, मराठवाड्याकडची माळवदे, म्हणजे मातीची सपाट छते, कशी टिकली? माझ्या आईचे माहेर तिकडचे, म्हणून हा प्रश्न मलाही पडत आला. माळवदावर माती वीतभर किंवा त्याहून जाड असते. ती साधी माती नसते, पांढरी किंवा खारी माती शोधून आणतात. त्या खारटपणामागे सोडियमच असतो. सोडियममुळे मातीचे बारीक कण पाण्यात सुटे होतात आणि खालच्या छिद्रांत जाऊन बसतात, म्हणून पहिल्या सरीनंतर छत घट्ट होते. वर उतार असतो, पन्हाळी असतात आणि दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती पसरून धुमसतात. म्हणजे जाडी, उतार आणि दरवर्षीची निगा, या तिन्हींच्या आधारावर ते छत टिकते. ज्यांनी ती माती निवडली त्यांना रसायन माहीत नव्हते, पण कुठल्या शेताच्या बांधावरची माती गळत नाही हे अचूक माहीत होते. ही माहिती आता जाणत्या म्हाताऱ्यांपाशीच उरली आहे. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याने चार गावांतून ते नमुने आणून त्यांची सोडियम-कॅल्शियमची मापे घेतली, तर एम.ई.चा उत्तम प्रबंध होईल.

अगाशीसाठी मातीचा उपयोगच नाही असे मात्र मी म्हणत नाही. डांबराचे इमल्शन स्थिर ठेवायला बेंटोनाइट वापरतात आणि असा लेप सुकल्यावर आतल्या मातीच्या जाळीमुळे उन्हात ओघळत नाही. पॉलिमरमध्ये मातीची पाने शेकडा काही टक्के विखुरली तर ओलाव्याला सरळ वाट राहत नाही, त्याला पानांना वळसे घालत जावे लागते. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण तिथे पाणी अडवतो तो डांबर किंवा पॉलिमर, माती त्याला साथ देते. त्या कामात खाजगी कंपन्या आहेतच. जमिनीखालचे काम मात्र अनाथ आहे, म्हणून माझा आग्रह त्याचा.

जुन्या वाड्यांबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे. विटा आणि चुन्यात बांधलेल्या या भिंती पाणी शोषतात आणि सोडतात. त्यांना बाहेरून-आतून सिमेंटचे प्लास्टर केले की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते आणि तीन-चार फुटांवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. विटा भुसभुशीत होतात, लाकडी तुळयांची टोके कुजतात. मालक घाबरून आणखी सिमेंट मारतात. या भिंतींना लेप नकोच. जोत्यापासून हात-दीड हात अंतरावर चर खणून त्यात थराथराने ओली चिकणमाती धुमसली, तर बाजूने येणारे पावसाचे पाणी पायापर्यंत पोचत नाही आणि भिंत श्वास घेत राहते. माती चुन्याला थेट टेकत नाही, म्हणून कॅल्शियमचा प्रश्नही सौम्य होतो. मी काही ठिकाणी हे केले आहे आणि जिथे पन्हाळीचे पाणीही दूर नेले तिथे लोणा कमी झालेला पाहिला आहे. पण मी केलेली कामे म्हणजे प्रयोग नव्हेत. किती खोल चर, किती रुंद, बेंटोनाइट शुद्ध वापरायचे की जागेवरच्या मातीत शेकडा पाच-सात टक्के मिसळायचे, शेजारच्या घराच्या पायावर फुगण्याचा दाब येईल का, काळ्या जमिनीत चर खणला तर उन्हाळ्यात बाजू ढळतील का, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत हवीत. शिवाय जमिनीखालून थेट वर चढणाऱ्या ओलीला हा चर काही करू शकत नाही, हेही मालकाला आधीच सांगायला हवे. बडोद्यातल्या मांडवीच्या आसपासच्या दाट वस्तीत दुसरा कुठलाही उपाय यंत्रे आत आणल्याशिवाय करता येत नाही. चराला एक कुदळ आणि एक धुमस पुरते.

आता हे काम कलाभवनानेच का करावे ते सांगते.

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले, तेव्हा कारागिराच्या हातातल्या कामाला विज्ञानाचा आधार द्यावा हा हेतू होता. गज्जर रसायनशास्त्रज्ञ होते आणि रंगकामाचे रसायन त्यांनी रंगाऱ्यांपर्यंत नेले. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. त्याच सुमारास महाराजांनी बडोद्याला पाणी देण्यासाठी आजव्याचा तलाव बांधवला. त्याचे धरण मातीचे आहे. सव्वाशेहून जास्त वर्षे आपण मातीने अडवलेले पाणी पितो आहोत. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली. इमारत तीच राहिली आणि काम तेच असावे अशी आम्हा माजी विद्यार्थ्यांची अपेक्षा आहे.

भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी, या कामाला लागणारे सगळे विभाग एकाच विद्यापीठात आहेत अशी ठिकाणे देशात फार नसतील. सायन्स फॅकल्टीचा भूविज्ञान विभाग कच्छच्या खडकांवर अनेक दशके काम करत आला आहे. कच्छमधल्या मांडवी, नखत्राणा, लखपत या भागांत कुठल्या थरात कुठल्या जातीची माती आहे हे त्यांना विचारता येईल. तुमच्या टेक्स्टाइल विभागाला जिओटेक्स्टाइल विणता आणि सुईने टाचता येते. मातीचा पडदा हा निम्मा कापडाचाच प्रश्न आहे, कारण ती पावडर दोन कापडांत सारख्या जाडीने बसवणे आणि भिंतीवर उभी लटकवली तरी खाली न घसरू देणे हे टाचण्यावर अवलंबून असते. अप्लाइड मेकॅनिक्सची सॉइल लॅब पारगम्यता आणि फुगण्याचा दाब मोजेल. अप्लाइड केमिस्ट्री आयनांची अदलाबदल मोजेल आणि जमले तर तिला रोखण्याची युक्तीही काढेल. मातीला आधीच गोड्या पाण्यात भिजवून ठेवले तर ती खाऱ्या पाण्याला जास्त दाद देत नाही, एवढे आपल्याला माहीत आहे. त्यापुढे जाऊन एखादे सेंद्रिय पॉलिमर पानांमध्ये घालून सोडियमची जागा राखता येते का, ते स्वस्तात होईल का, हा खरा शोध असेल. हे सगळे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ते आजवर या एका विषयावर एकत्र बसले असतील तर त्याचा परिणाम आमच्या साइटपर्यंत पोचलेला नाही.

मला अपेक्षित असलेली चाचणी अशी. आवारातच एका कोपऱ्यात माणूसभर खोल खड्डा घ्या. त्याच्या एका बाजूला आरसीसीची भिंत, दुसऱ्या बाजूला सिमेंटमध्ये विटा, तिसऱ्या बाजूला चुन्यात विटा. प्रत्येकीच्या मागे निरनिराळे भरण: टाचलेला पडदा, मातीत मिसळलेले बेंटोनाइट, ग्राउट, म्हणजे पातळ घोळ, म्हणून ढकललेले, सांध्यात पट्टी, आणि एका पट्ट्यात काहीच नाही. मागच्या बाजूला बोअरचे पाणी भरा, डिस्टिल्ड नव्हे. ओलावा मोजणारे सेन्सर वेगवेगळ्या खोलीवर ठेवा. मग ऋतू जसे येतात तसे येऊ द्या. निदान तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे जाऊ द्या, त्यानंतर खोदून नमुने काढा आणि सोडियम किती उरला, फुगवटा किती उरला ते पाहा. प्रयोगशाळेत झटपट भिजवणे-सुकवणे करता येते आणि तेही करा. पण सोसायटीचा चेअरमन विश्वास ठेवेल तो आवारातल्या त्या कोरड्या किंवा ओल्या भिंतीवर. खड्ड्याला जिना करा आणि ज्याला पाहायचे त्याला पाहू द्या. जे भरण हरेल तेही दाखवा. हरलेल्या नमुन्यांची यादी जाहीर झाली तर ती एकट्यानेच कितीतरी घरांचे पैसे वाचवेल.

ग्राउटिंगच्या बेंटोनाइटसाठी भारतीय मानक आहे, आयएस १२५८४, आणि मातीच्या फुगवट्यासाठी आयएस २७२० चा चाळिसावा भाग आहे, ज्यात एक नमुना पाण्यात आणि दुसरा केरोसीनमध्ये ठेवून तुलना करतात. म्हणजे पाया नव्याने घालायचा नाही. तुमच्या चाचण्यांवरून इमारतीच्या भरणासाठी एक साधी शिफारस तयार झाली आणि ती महापालिकेच्या आणि सरकारी बांधकाम खात्याच्या निविदांत गेली तर ठेकेदार आपोआप त्या मार्गाला लागतील. पोत्यावर फुगवटा, जात, ओलावा आणि भरल्याची तारीख छापलेली असावी, एवढी तरी अट त्यात हवीच. आज एकाच नावाच्या दोन पोत्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. कॅल्शियम जातीला सोडा ॲश मिसळून सोडियम जात करता येते हे खरे, पण ते मिश्रण नीट मुरले आहे की नुसते वरवर ढवळले आहे, हे पोत्याकडे पाहून कुणालाच कळत नाही.

कडियांना विसरू नका. ही माती हातांनी लावायची आहे. सांधा आधी कसा साफ करायचा, पट्टीची टोके एकमेकांना कशी भिडवायची, पाऊस आला तर काय झाकायचे, चरातला थर किती ओला असताना धुमसायचा, हे गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत चित्रांसह एका कागदावर मावेल. आयटीआयमध्ये दोन दिवसांचा वर्ग घेता येईल. आणि पावडर हाताळताना मास्क हवाच. या मातीत क्वार्ट्झ असतो आणि त्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर तिथे कायमची बसते. साइटवर पोते फोडणारी बहुधा दाहोद, पंचमहालकडून आलेली मजूर बाई असते आणि तिच्या नाकावर पदराशिवाय काही नसते.

कच्छचेही ध्यानात ठेवावे लागेल. माती खणल्यावर उरलेले खड्डे, गेलेले चराऊ रान, धुळीने भरलेले रस्ते, याची किंमत तिथली गावे मोजतात. कांडला आणि मुंद्र्याहून जहाजेच्या जहाजे भरून ती माती बाहेर जाते. आपण थोडी वापरली तर खणणे फार वाढेल असे नाही, पण संशोधनात एवढे तरी पाहा की कमीत कमी माती वापरून काम कसे भागेल. जागेवरच्या काळ्या मातीत थोडे बेंटोनाइट मिसळून जमले तर ते सर्वांत उत्तम. पायलिंगनंतर टाकून दिला जाणारा गाळ चराच्या भरणासाठी पुन्हा वापरता येतो का तेही तपासा. बुलेट ट्रेनच्या आणि उड्डाणपुलांच्या कामांमुळे हा गाळ आपल्या शहरात मोठ्या प्रमाणावर तयार झाला आहे. त्यात सिमेंट मिसळलेले असते, म्हणून तो चालणार नाही असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

शेवटची मागणी पेटंटबद्दल. विद्यापीठे आता पेटंट मोजतात आणि प्राध्यापकांच्या बढत्या त्यावर ठरतात हे मला माहीत आहे. एखादा नवा पॉलिमर सापडला तर त्याचे पेटंट जरूर घ्या. पण कुठली माती, किती, कशी दाबायची, कुठे वापरायची नाही, हे ज्ञान कुलपात ठेवू नका. विद्यापीठ लोकांच्या पैशांवर चालते आणि आमच्या घरांतली ओलही सार्वजनिक आहे.

माझ्या बाजूने काय देऊ शकते ते सांगते. ज्या सोसायट्यांच्या सेलरची कामे माझ्याकडे आहेत त्यांपैकी काहींनी एक-एक भिंत चाचणीसाठी द्यायची तयारी दाखवली आहे. एका वाड्याच्या मालकांनी मागच्या परसातला चर खणू द्यायचे कबूल केले आहे. माझ्याकडे जुन्या कामांच्या नोंदी आहेत, कुठे काय वापरले, कधी ओल परत आली, बोअरच्या पाण्याचे रिपोर्ट, सगळे फायलींत आहे. यशाइतक्याच अपयशाच्याही नोंदी आहेत. त्या मी विनामूल्य विभागाच्या स्वाधीन करीन. खड्ड्याचे खोदकाम आणि भिंतींचे बांधकाम माझी माणसे मजुरी न घेता करतील, त्यांच्याशी बोलूनच हे लिहिते आहे. साहित्य, सेन्सर आणि तपासणी विद्यापीठाची.

खड्डा येत्या मे अखेरपर्यंत तयार झाला तर पुढचाच पावसाळा चाचणीचा पहिला पावसाळा ठरेल. त्यासाठी विभागांची एक बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी व्हायला हवी. तुम्ही दिवस कळवा, मी फायली घेऊन येते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
दांडिया बाजार, बडोदे